बैल धावतो का? पायांच्या विज्ञानाचा आडवाटेने झालेला प्रवास

१/
७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलांच्या शर्यती बेकायदा ठरवल्या. निकालपत्र अर्थातच कायद्याचे आहे; पण त्यातील एक परिच्छेद शरीररचनाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात शोभावा असा आहे. बैलाचे पोट आणि छाती मोठी, धड पिंपासारखे, सांधे फारसे न वाकणारे. म्हणून त्याची घडण वेगाने धावण्यास अनुकूल नाही, असा त्याचा आशय. इतिहासाच्या विद्यार्थ्याने अशा वाक्यापाशी थांबून एकच प्रश्न विचारावा. हे कोणी मोजले, कधी आणि कशासाठी?

२/
गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी-मोरगाव तालुक्यात, आमच्या केशोरीकडे, हा प्रश्न पुस्तकी नाही. हा धानाचा प्रदेश. चिखलणीच्या चिखलात गुडघाभर रुतूनही तोल न सोडणारा बैल आणि धान निघाल्यावर शंकरपटात सेकंदांशी झुंजणारा बैल, ही दोन्ही रूपे झाडीपट्टीने पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहेत. पटाच्या दिवशी धुरकरी हलक्या गाडीवर उभा राहतो, जोडी सुटते, निकाल घड्याळावर लागतो आणि रात्री त्याच गावात नाटक रंगते. बंदीच्या काळात हे सारे थांबले. त्या बंदीमागील युक्तिवादाचा एक खांब ‘बैल हा धावणारा प्राणीच नव्हे’ हा होता.

३/
हा खांब किती पक्का होता, हे पाहायचे तर एका विलक्षण विद्याशाखेचा इतिहास चाळावा लागतो. प्राणी चालतात कसे, धावतात कसे, आणि तसेच चालणारे यंत्र घडवता येईल का, या प्रश्नांची ही शाखा. तिला आजही सर्वमान्य असे एक नाव नाही. विद्यापीठात तिचा स्वतंत्र विभाग बहुधा सापडत नाही. तिच्यात आलेली माणसे गणितातून, वैद्यकातून, छायाचित्रणातून, विमानविद्येतून आली. म्हणून या शाखेचा इतिहास हा मुख्यतः वाट वाकडी केलेल्या माणसांचा इतिहास आहे.

४/
आरंभ ॲरिस्टॉटलपासून. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात त्याने प्राण्यांच्या चालीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. चतुष्पाद प्राणी पाय तिरपे, म्हणजे पुढचा उजवा आणि मागचा डावा अशा क्रमाने उचलतात, हे त्याने नोंदवले. त्यामागचे कारणही त्याने शोधले: एका बाजूचे दोन्ही पाय एकदम उचलले तर शरीर कोलमडेल. निरीक्षण, त्यावरून तर्क आणि त्या तर्काच्या केंद्रस्थानी ‘तोल’ ही कल्पना. पुढची दोन हजार वर्षे पायांचे विज्ञान याच शब्दाभोवती फिरत राहिले.

५/
दुसरा टप्पा इटलीचा. जिओव्हानी बोरेल्ली हा मूळचा गणिती. त्याचा ‘प्राण्यांच्या हालचालींविषयी’ हा लॅटिन ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६८०-८१ मध्ये प्रसिद्ध झाला. हाडे म्हणजे तरफा आणि स्नायू म्हणजे दोर, असे मानून त्याने हिशेब मांडला. निष्कर्ष धक्कादायक होता. स्नायू सांध्याच्या अगदी जवळ जोडलेला असल्यामुळे हातातील वजन उचलण्यासाठी त्याला त्या वजनाच्या कितीतरी पट ताण द्यावा लागतो. शरीर बळ वाचवण्यासाठी घडलेले नसून थोड्या आकुंचनात मोठी हालचाल साधण्यासाठी घडले आहे, हे त्या हिशेबातून दिसले.

६/
एकोणिसाव्या शतकात मात्र या विद्येचा नायक घोडा झाला. कारण उघड आहे. सैन्य घोड्यावर होते, शर्यतींचा पैसा घोड्यावर होता, प्रतिष्ठाही घोड्यावरच होती. जून १८७८ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे रेल्वेसम्राट लीलँड स्टॅनफर्ड यांच्या पैशावर एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने धावपट्टीच्या कडेला कॅमेऱ्यांची रांग मांडली. भरधाव घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमीन सोडतात, हे त्या चित्रांनी सिद्ध केले.

७/
त्याहून महत्त्वाची गोष्ट दुसरी होती. चारही पाय हवेत असताना ते ताणलेले नसतात, पोटाखाली गोळा झालेले असतात. जेरिकोसारख्या थोर चित्रकारानेही १८२१ च्या आपल्या प्रसिद्ध शर्यतचित्रात घोडे पुढे-मागे पाय ताणून जणू उडताना दाखवले होते. शेकडो वर्षे लाखो लोकांनी घोडे पाहिले. पाहणे आणि मोजणे यांतील अंतर मात्र कोणाच्या लक्षात आले नव्हते. या शाखेचा पहिला धडा हाच. डोळ्यांवर विसंबून कोणत्याही प्राण्याच्या पायांविषयी निवाडा देऊ नये.

८/
मायब्रिजला ही दिशा मिळाली त्यामागे पॅरिसचा एक वैद्य होता, एतियेन-ज्यूल मारे. १८७३ च्या ‘प्राणी-यंत्र’ या ग्रंथात त्याने घोड्याच्या खुरांखाली रबरी हवापिशव्या बांधून टापांची नोंद कागदावर उतरवली होती. खूर टेकला की हवा दबते, नळीतून ती लेखणीपर्यंत पोहोचते आणि रेघ उमटते. स्टॅनफर्ड यांनी या संशोधनाविषयी वाचले होते. पुढे १८८२ मध्ये मारेने बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवून उडत्या पक्ष्यांची चित्रे घेतली. चित्रपटाच्या पूर्वजांत त्याचे नाव आदराने घेतले जाते. त्याला मात्र पडद्यावरच्या करमणुकीपेक्षा पायांचे गणित अधिक प्रिय होते.

९/
आता बैलाकडे वळू. मायब्रिजने १८८७ मध्ये ७८१ पटांचा आपला महासंग्रह प्रसिद्ध केला. त्यात घोड्यांसाठी स्वतंत्र खंड होता. बैलांच्या वाट्याला पाळीव प्राण्यांच्या खंडातील मोजकी पाने आली. हा कोणाचा दुष्टपणा नव्हता. ज्याने पैसा दिला त्याचा प्रश्न आधी सुटला, इतकेच. पण त्याचा परिणाम दूरगामी झाला. धावणाऱ्या प्राण्याचे प्रमाण म्हणजे घोडा, असे ठरून गेले. उरलेले प्राणी त्याच्याशी किती मिळतेजुळते आहेत, यावरून तोलले जाऊ लागले.

१०/
आपली भाषा मात्र इतकी कंजूष नाही. घोड्याची ‘दुडकी’ आपण ओळखतो. पण ‘चौखूर उधळणे’ हा शब्दप्रयोग घोड्याइतकाच गुरांसाठीही सहज वापरतो. चारही खूर एका लयीत फेकत सुटणे, हा त्याचा अर्थ. भाषा हा शास्त्रीय पुरावा नव्हे, हे मान्य. तरीही ज्यांनी गुरांसोबत आयुष्य काढले, त्यांनी बैलाला चौखूर धावताना पाहून त्याला नाव दिले होते, एवढी साक्ष ती निश्चित देते.

११/
विसाव्या शतकात प्रश्न पायांवरून मज्जासंस्थेकडे सरकला. पाय कधी उचलायचा, हे ठरवतो कोण? १९११ मध्ये ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ थॉमस ग्रॅहम ब्राउन यांनी मांजरांवरील प्रयोगांत दाखवले की मज्जारज्जूचा मेंदूशी असलेला संबंध तोडला आणि पायांकडून येणाऱ्या संवेदनाही बंद केल्या, तरी पावलांची लय निर्माण होऊ शकते. म्हणजे चालण्याचा ठेका मज्जारज्जूतच वसलेला आहे. हे ज्ञान प्राण्यांच्या देहावर चाकू चालवून मिळाले आहे, हेही विसरू नये. या शाखेच्या इतिहासात क्रौर्याचा प्रश्न न्यायालयाच्या कितीतरी आधीपासून उभा आहे.

१२/
१९६६ मध्ये मॉस्कोतील शिक, सेवेरिन आणि ओर्लोव्स्की यांनी त्यापुढचे पाऊल टाकले. मांजराच्या मेंदूच्या तळाकडील एका ठिकाणी त्यांनी विजेचा सौम्य प्रवाह सोडला. मांजर ट्रेडमिलवर चालू लागले. प्रवाह वाढवला तशी चाल दुडकी झाली. आणखी वाढवला तेव्हा ते चौखूर धावू लागले. वरून येणारा संकेत साधा, ‘आणखी’ किंवा ‘थोडे कमी’ एवढाच. कोणता पाय केव्हा पडावा, हा तपशील खालची यंत्रणाच सांभाळत होती.

१३/
पट पाहिलेल्यांना ही रचना अनोळखी वाटणार नाही. धुरकरी बैलाला ‘आता डावा पुढचा टाक, आता उजवा मागचा उचल’ असे सांगत नसतो. त्याची हाक फक्त दिशा आणि जोम सांगते; पावलांचा हिशेब बैलाचा. वरचा थोडके बोलतो आणि खालचा बहुतेक सारे स्वतः निभावतो, अशी ही श्रमविभागणी आहे. चालणारी यंत्रे बनवणाऱ्यांना ती उमगायला बराच काळ जावा लागला.

१४/
या यंत्रांचा इतिहास तसा जुना. रशियन गणिती चेबिशेव्ह यांनी दांड्या जोडून बनवलेले चालते यंत्र १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडले होते. तेच मायब्रिजच्या घोड्याचे वर्ष. पण ते ठरावीक रेघेवर पावले टाकणारे खेळणे होते. १९६८ च्या सुमारास जनरल इलेक्ट्रिक कंपनीत राल्फ मोशर यांनी अमेरिकी सैन्यासाठी चार पायांचा ‘चालता ट्रक’ बनवला. आत बसलेल्या माणसाने आपल्या हातापायांनी यंत्राचे चारही पाय हलवायचे, अशी योजना होती. यंत्र चालले, चालक मात्र थोड्याच वेळात थकून जाई. प्रत्येक पावलाचा विचार माणसाच्या मेंदूवर टाकला की काय होते, याचा हा जाहीर पुरावाच होता.

१५/
तान्ह्या पोळ्याला विदर्भातील मुले लाकडी बैल ओढत नेतात. त्या बैलाला पाय कोरलेले असतात, पण तो सरकतो पायांखालच्या चाकांवर. कारागिराने शेकडो वर्षांपूर्वीच जाणले होते की बैलाचा आकार घडवणे सोपे आणि बैलाची चाल घडवणे अवघड. चाक नेहमी जमिनीला चिकटून असते. पाय मात्र क्षणाक्षणाला आधार सोडतो आणि पुन्हा शोधतो. चालणे म्हणजे पडता पडता सावरणे. आणि हे सावरणे लाकडात कोरता येत नाही.

१६/
ते सावरणे यंत्रात उतरवण्याचे श्रेय बऱ्याच अंशी मार्क रायबर्ट यांचे. शिक्षण अभियांत्रिकीचे, पीएच.डी. मात्र मेंदू आणि आकलन या विषयातील. १९८० मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात त्यांनी पायांची प्रयोगशाळा उभारली आणि सुरुवात केली ती एकाच पायाच्या, सतत उड्या मारणाऱ्या यंत्राने. एका पायावर उभे राहता येत नाही, म्हणून हलत राहूनच तोल राखणे भाग होते. उडीची उंची, पाऊल पडण्याची जागा आणि धडाचा कल, या तीन गोष्टी वेगवेगळ्या सांभाळल्या की पुरते, असे त्यांना आढळले. १९९२ मध्ये त्यांनी बोस्टन डायनॅमिक्स स्थापन केली. २००५ च्या ‘बिग डॉग’ या चतुष्पाद यंत्रामागेही पुन्हा सैन्याचाच पैसा होता.

१७/
दुसरी वाट टॅड मॅकगीर यांची. हे विमानविद्येचे अभियंते. राइट बंधूंनी आधी बिनइंजिनाचे उड्डाण साधले, इंजिन नंतर बसवले. मग चालण्याच्या बाबतीतही तसे का करू नये, असा त्यांचा विचार. १९९० मध्ये त्यांनी मोटार नसलेले, संगणक नसलेले, केवळ उतारावरून स्वतःच्या वजनाने चालत येणारे दोन पायांचे यंत्र शास्त्रीय रूपात मांडले. लंबकाप्रमाणे झुलणारे पाय हेच त्याचे नियंत्रण. चालण्याची बरीचशी अक्कल मेंदूत नसून पायांच्या लांबीत, वजनात आणि घडणीत असते, हे त्यातून स्पष्ट झाले. मॅकगीर स्वतः पुढे चालकविरहित विमानांकडे वळले. त्यांची कल्पना मात्र चालत राहिली.

१८/
याच कल्पनेच्या वंशात आपल्या कोकणपट्टीचा एक माणूस भेटतो. प्रणव भोंसुले यांनी २००४ मध्ये गोवा विद्यापीठातून यांत्रिकी अभियांत्रिकीची पदवी घेतली, २००६ मध्ये आयआयटी मद्रासमधून एम.टेक. केले आणि २०१२ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातून अँडी रुइना यांच्या प्रयोगशाळेत पीएच.डी. मिळवली. तिथल्या चमूने बनवलेल्या यंत्राचे नाव ‘रेंजर’. चार पाय, पण आतले दोन एकत्र आणि बाहेरचे दोन एकत्र हलणारे; म्हणजे चाल दोन पायांचीच. वजन सुमारे १० किलो.

१९/
१ मे २०११ रोजी रेंजर विद्यापीठाच्या बंदिस्त सभागृहातील धावपट्टीवर चालू लागला आणि दुसऱ्या दिवशी थांबला. ३० तास ४९ मिनिटे, ३०७ हून अधिक फेऱ्या, १,८६,०७६ पावले, ६५ किलोमीटरांहून अधिक अंतर. वाटेत बॅटरी पुन्हा भरली नाही, आणि दूरनियंत्रकाने वळवण्यापलीकडे कोणी त्याला हातही लावला नाही. एकूण ऊर्जा लागली ४९३ वॉट-तास, म्हणजे आपल्या विजेच्या बिलातील जेमतेम अर्धे युनिट. त्या काळी जगभर गाजलेला ‘असिमो’ वजन आणि अंतराच्या प्रमाणात त्याच्या दसपटीहून अधिक ऊर्जा खात असल्याचा अंदाज होता. रेंजर माणसाच्या काटकसरीच्या जवळ पोहोचला.

२०/
हे साधले कसे? २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात, ज्याचे पहिले लेखक भोंसुले आहेत, त्याचे उत्तर आहे. यंत्राला क्षणोक्षणी पकडून न ठेवता दर पावलात मोजक्या प्रसंगी, प्रतिक्षिप्त क्रियेसारखी छोटी दुरुस्ती करायची. उरलेला वेळ पायांना त्यांच्या नैसर्गिक झोक्यावर सोडायचे. धुरकऱ्याची जुनी रीत इथे समीकरणांत उतरली, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होऊ नये. भोंसुले आज शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठात चालत्या यंत्रांवर संशोधन करतात.

२१/
अशी आणखी उदाहरणे आहेत. पवईच्या आयआयटी मुंबईतून यांत्रिकीची पदवी घेतलेले कौशिक जयराम बर्कलीत रॉबर्ट फुल यांच्याकडे गेले आणि झुरळांच्या मागे लागले. झुरळ अवघ्या काही मिलिमीटरच्या फटीत अंग चपटे करून शिरते आणि तशाही अवस्थेत वेगाने पळते; २०१६ मध्ये त्यांनी हे मोजून दाखवले आणि दबणाऱ्या शरीराचे यंत्रही बनवले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिशिर कोलत्ताया आणि सहकाऱ्यांनी ‘स्टॉक’ हे चतुष्पाद यंत्र घडवून त्याला स्वशिक्षणाच्या पद्धतींनी चालायला शिकवले. त्याच शहरातील राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्रात संजय साने कीटकांच्या उड्डाणाचा अभ्यास करतात. वाटा वेगवेगळ्या, पण मूळ कुतूहल एकच.

२२/
आता पुन्हा न्यायालयात. कॉर्नेलच्या सभागृहात रेंजर चालला त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत, ११ जुलै २०११ रोजी, केंद्र शासनाच्या अधिसूचनेने खेळ-प्रदर्शनासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचे नाव आले. २०१४ च्या निकालाने ती भूमिका पक्की केली. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यास अंतरिम मनाई केली. तेव्हा राज्य शासनाने बैलाच्या धावण्याच्या क्षमतेचा तज्ज्ञांकडून अहवाल करवून घेतला आणि बैल धावू शकतो, अशी बाजू मांडली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना वाट दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

२३/
विज्ञानाचा आधार घेतला तर काय दिसते? लीड्सचे प्राणिशास्त्रज्ञ मॅकनील अलेक्झांडर हे आधी माशांचे अभ्यासक. पुढे पायांकडे वळले. त्यांनी जहाजबांधणीतील ‘फ्राउड संख्या’ प्राण्यांना लावली. वेगाचा वर्ग करायचा आणि त्याला पायाची लांबी व गुरुत्वाकर्षण यांच्या गुणाकाराने भागायचे. ही संख्या साधारण २ ते ३ च्या दरम्यान आली की लहानमोठे चतुष्पाद प्राणी दुडकी सोडून चौखूर धावू लागतात. कमरेची उंची १.२ मीटर धरली आणि संख्या २.५ घेतली, तर तो वेग सेकंदाला सुमारे ५.४ मीटर, म्हणजे ताशी १९ ते २० किलोमीटर येतो. हा नियम घोड्यापुरता नाही. हार्वर्डच्या रिचर्ड टेलर यांच्या चमूने तर आफ्रिकेत वशिंडाच्या झेबू गुरांनाही ट्रेडमिलवर धावायला लावले होते, अर्थात प्राणवायूचा खर्च मोजण्यासाठी.

२४/
म्हणजे ‘बैल धावूच शकत नाही’ हे विधान टिकत नाही. घोड्याच्या मापाने बैल मोजल्याचा तो परिणाम होता. पण इथेच सावध व्हावे. ‘धावू शकतो’ यावरून ‘धावायला लावणे योग्य’ हे सिद्ध होत नाही. मॉस्कोतील ते मांजरही धावू शकत होते. पराणी, शेपटी पिरगाळणे, चाबूक, थकवा, खुरांची दुखापत, हे प्रश्न क्षमतेचे नाहीत, वेदनेचे आहेत. एका बाजूने शरीररचनेच्या आड क्रौर्याचा मुद्दा मांडला, दुसऱ्या बाजूने क्षमतेच्या आड तोच टाळला. दोन्ही बाजूंनी चुकीच्या प्रश्नावर बराच काळ वाद घातला.

२५/
योग्य प्रश्न विचारायला लागणारी मोजमापे मात्र तुटपुंजी आहेत. भारतात बैलाचा अभ्यास झालाच नाही असे नाही. आयआयएम बंगळुरूचे संस्थापक-संचालक एन. एस. रामस्वामी यांनी १९७० च्या दशकात बैलगाडी आणि बैलाची ऊर्जा हा विषय देशापुढे आणला. पण तो अभ्यास ओढण्याचा होता: जू कसे असावे, किती भार ओढता येतो, मानेला इजा कशी टळेल. शंकरपटात धावताना बैलाच्या खुरावर किती भार येतो, कोणत्या जमिनीवर सांधा दुखावतो, किती अंतरानंतर लय बिघडते, किती विश्रांती लागते? नियमावली लिहिणाऱ्याला हीच माहिती हवी असते.

२६/
आणि इथे नवा संशोधक हवा. नागपुरात पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याच शहरात राष्ट्रीय दर्जाची अभियांत्रिकी संस्थाही आहे. एकीकडे बैलाचा सांधा ठाऊक असलेली माणसे, दुसरीकडे बल आणि गती मोजणारी माणसे. बोरेल्ली गणितातून आला, मारे वैद्यकातून, मॅकगीर विमानातून, अलेक्झांडर माशांतून. गोंदियाच्या एखाद्या विद्यार्थ्याने धुऱ्यावरून यावे, यात नवल काय? ‘या विषयाला विभाग नाही’ ही अडचण खरी आहे. शिष्यवृत्ती, मार्गदर्शक आणि नोकरी शोधताना ती टोचते. पण या शाखेत ती पहिल्या दिवसापासून प्रत्येकालाच टोचत आली आहे.

२७/
आपल्यासारख्या इतिहासाच्या वाचकांकडेही एक काम उरते. गावोगावच्या पट-समित्यांकडे जुनी पत्रके, बक्षिसांच्या याद्या, सेकंदांच्या नोंदवह्या असतात. बैलांच्या धावण्याची आपल्याकडची लेखी आकडेवारी बहुतांशी अशाच कागदांत आहे. ती रद्दीत जाण्याआधी कोणीतरी तिची छायाचित्रे काढावीत, तारखा, जमीन, अंतर आणि वेळ नीट उतरवून ठेवावी. मायब्रिजचा घोडा जगाला ठाऊक झाला, कारण त्याची नोंद राहिली. आपल्या बैलाविषयी पुढच्या वेळी कोणी निवाडा देईल, तेव्हा त्याच्यासमोर घोड्याची उपमा नसावी; बैलाची मापे असावीत.

तुमच्या गावी अशा वह्या असतील, तर खाली गाव आणि साल लिहा. धागा इथे संपतो.